हिवाळ्यातील घर आणि घरातील हवा : वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. पावसाळ्यात भिंतींची ओल आणि बुरशी यांविषयी विचारणारे वाचक आता सकाळच्या शिंका, आईचा दमा आणि खिडकीच्या चौकटीवर साचणारी काळी पूड यांविषयी लिहू लागतात. या अंकासाठी निवडलेली पत्रे आवश्यक तेथे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यालगत तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाई पहाटे पाचला उठतात आणि सकाळची हवा शुद्ध असते म्हणून साऱ्या घराच्या खिडक्या उघडतात. मुलाचे म्हणणे असे, की हिवाळ्यात खिडक्या दिवसभर बंदच ठेवाव्यात. कोणाचे ऐकावे?

उत्तर : सासूबाईंचा अनुभव खोटा नाही, पण तो बहुधा मोकळ्या गावातला आणि कमी वाहनांच्या काळातला असावा. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, त्यामुळे रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरतो. भूगोलाच्या पुस्तकांत यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा वेळी रस्त्यावरचा धूर, पालापाचोळा जाळल्याचा धूर, शेकोट्या आणि बांधकामाची धूळ यांपैकी काहीही वर जाऊ शकत नाही. वाराही पडलेला असतो. टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यात, त्यातही नदीकाठच्या सखल भागात, पहाटे दिसणारा पांढुरका पडदा नुसत्या धुक्याचा नसतो, त्यात ही सारी भेसळ असते. म्हणजे सासूबाई ज्या वेळी खिडक्या उघडतात, ती रस्त्यालगतच्या घरासाठी हिवाळ्यातील सर्वांत वाईट वेळांपैकी एक आहे.

ऊन चढले की जमीन तापते, हवा वर उठू लागते आणि खाली कोंडलेला धूर पातळ होत जातो. साधारण दुपारी बारा ते चार या वेळेत बाहेरची हवा दिवसातील सर्वांत बरी असते. त्या वेळी समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, पंधरा-वीस मिनिटे पूर्ण उघडावे. एकाच बाजूची खिडकी तासभर उघडी ठेवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. संध्याकाळी सातनंतर, रस्ता तुंबलेला असताना, रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्याव्यात. घरातील सर्व जण दिवसा बाहेर असतील तर कामाला येणाऱ्या मावशींना दुपारी खिडक्या उघडण्यास सांगून ठेवावे. मुंबई-ठाण्याच्या वाचकांनाही हेच वेळापत्रक चालेल, कारण तेथे समुद्रावरून येणारा वारा दुपारीच घरात शिरतो.

आता चिरंजीवांविषयी. खिडक्या दिवसभर बंद ठेवल्या तर बाहेरचा धूर थोडा कमी येईल, पण स्वयंपाकाचा, उदबत्तीचा आणि श्वासोच्छ्वासाचा सारा ऐवज घरातच राहील. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. दार-खिडक्या घट्ट लावलेल्या लहान शयनगृहात दोन माणसे झोपली, तर पहाटेपर्यंत ते २,००० च्या पुढे जाऊ शकते. एवढ्याने विषबाधा होत नाही, मात्र डोके जड होते आणि एकाची सर्दी दुसऱ्याला लागण्यास सोय होते. म्हणून रात्री शयनगृहाचे दार किलकिले ठेवावे किंवा रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी.

रोजचा अंदाज घेण्यासाठी पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही सेवा आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप उपयोगी पडते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अडीच मायक्रॉनहून लहान धूलिकणांसाठी आपल्याकडील २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. त्यामुळे ॲपवर ‘समाधानकारक’ असा हिरवा शेरा दिसला, तरी घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर त्यावर फार विसंबून राहू नये.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये बाथरूममध्येच गॅस गिझर बसवलेला आहे. थंडी वाढल्यापासून अंघोळ करून बाहेर आले की डोके दुखते आणि मळमळते. मिस्टर म्हणतात, पित्त असेल. गॅसचा वास तर कधीच येत नाही. काळजी करावी का?

उत्तर : करावी, आणि हे उत्तर वाचून होईपर्यंतही त्या गिझरखाली अंघोळ करू नये. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. तोच गॅस अपुऱ्या हवेत अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला रंग नसतो, वास नसतो, त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो, त्यामुळे माणूस श्वास घेत राहतो आणि शरीर मात्र प्राणवायूवाचून तडफडते. डोकेदुखी, मळमळ, पायांतील बळ जाणे आणि मग शुद्ध हरपणे असा त्याचा क्रम आहे. हा क्रम काही मिनिटांत पुरा होऊ शकतो. बळ आधीच गेलेले असल्यामुळे कडी काढण्याइतकीही शक्ती उरत नाही. दर हिवाळ्यात बाथरूमचे दार तोडून बाहेर काढावे लागलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतील अनेकींमागे हेच कारण असते. थंडीमुळे आपण झरोका बंद करतो, पाणी जास्त तापवतो आणि अंघोळीला वेळही जास्त लावतो.

उपाय एकच, गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या गच्चीत किंवा हवा खेळती असलेल्या बाल्कनीत नेऊन पाणी नळाने आत आणणे, किंवा विजेचा गिझर घेणे. एक्झॉस्ट फॅनवर भिस्त ठेवू नये. बंद बाथरूममध्ये बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर तो फार काही ओढू शकत नाही आणि गिझरची नळी बाहेर काढलेली असल्यास तिच्यातील धूर उलट आत खेचू शकतो. गिझर हलवेपर्यंत दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, पाच-दहा मिनिटे हवा जाऊ द्यावी आणि मगच अंघोळ करावी. गिझरची ज्योत निळी असली पाहिजे. ती पिवळी किंवा तांबूस दिसली, किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर तंत्रज्ञाला बोलावण्याआधीच तो बंद करावा.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते, हेही सांगितले पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेले वाटते, त्यामुळे माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. कोणी असे आढळले तर आधी दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि गॅस गिझर होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तुम्हीही एकदा डॉक्टरांना भेटून हा सर्व तपशील सांगावा. पित्त असेलच तर ते नंतर पाहता येईल.

प्रश्न : माझी सून पहिल्या खेपेची बाळंतीण आहे, नात पंधरा दिवसांची आहे. आमच्याकडे लातूर भागात बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात आणि बाळाला ओवा-शेपांची धुरी देतात. दवाखान्यातील डॉक्टरीणबाई धुरीला नको म्हणतात. आमच्या चार पिढ्या याच धुरीवर वाढल्या. थंडीच्या दिवसांत बाळाला ऊब कशी द्यायची?

उत्तर : चार पिढ्यांना जपणाऱ्या बायकांना बाळ-बाळंतिणीला ऊब लागते हे अचूक कळले होते, विजेची सोय नसताना त्यांच्यापाशी निखाऱ्याखेरीज दुसरे साधन नव्हते. म्हणून शेकाला माझा विरोध नाही, विरोध धुराला आहे. नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ वेळा श्वास घेते, म्हणजे आपल्या तिपटीच्या आसपास, आणि त्याच्या श्वासनलिका काडीएवढ्या बारीक असतात. आपल्याला सुगंधी वाटणारी धुरी त्याच्यापर्यंत कितीतरी अधिक पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती. हे मृत्यू प्रामुख्याने चुलीच्या धुराचे आहेत, धुरीचे नव्हेत. पण गोवरीचा धूर चुलीतला असो की धुपाटण्यातला, बाळाच्या छातीला त्यात फरक करता येत नाही.

कित्येक घरांत अशी समजूत असते, की निखारे चांगले फुलले आणि धूर थांबला म्हणजे शेगडी खोलीत न्यायला हरकत नाही. हे धोक्याचे आहे. धूर दिसत नसला तरी लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या, फटीसुद्धा बंद केलेली बाळंतिणीची खोली त्याला अगदी सोयीची असते. रात्री शेगडी खोलीत ठेवून कोणीही झोपू नये, मग घरात बाळ असो वा नसो.

शेक असा देता येईल. ओवा स्वयंपाकघरात तव्यावर कोरडा गरम करून सुती फडक्यात बांधावा, पुरचुंडी आधी आपल्या मनगटावर टेकवून पाहावी आणि तिने बाळंतिणीची कंबर व पाठ शेकावी. ओव्याचा वास येतो आणि धूर होत नाही. टाके पडले असतील तर तेथे शेक देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती टॉवेलात गुंडाळून अंथरूण ऊबदार करून घ्यावे आणि बाळाला निजवण्याआधी पिशवी काढून घ्यावी. बाळाला टोपडे, मोजे आणि एकावर एक दोन-तीन पातळ कपडे घालावेत. सर्वांत उत्तम ऊब आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरल्याने मिळते. आईने वरून शाल घ्यावी. मालीश-अंघोळ पहाटे न करता अकराच्या सुमारास, ऊन खोलीत आल्यावर करावी, त्याच वेळी खोलीची खिडकीही थोडी उघडता येते.

पाणी तापवण्याचा बंब तुमच्याकडे असेलच. तो परसात, आडोशाला असू द्यावा. थंडी म्हणून पडवीत किंवा न्हाणीघराच्या दाराशी आणू नये. आणि धुरीचा मान राखायचाच असेल तर बारशाच्या दिवशी अंगणात तुळशीपाशी धुपाटणे फिरवावे, बाळाला मात्र घरातच ठेवावे. डॉक्टरीणबाईंना आमचा नमस्कार सांगा.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या घरात स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमध्ये भिंत नाही. चिमणी बसवली आहे, पण तिला बाहेर जाणारी नळी नाही. विक्रेत्याने कार्बन फिल्टर पुरेसा असल्याचे सांगितले होते. तरी मिरचीची फोडणी दिली की सारे घर खोकते.

उत्तर : नळी नसलेली चिमणी तेलाचे थेंब आणि थोडासा वास अडवते व बाकी सारे पुन्हा तुमच्या तोंडावर सोडते. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि तळणीतून उठणारे बारीक कण यांना बाहेर घालवायचे असेल तर बाहेर जाणारी वाटच हवी. इमारतीच्या नियमांत बसत असल्यास नळी काढून घ्यावी; ती जितकी आखूड आणि जितकी कमी वळणांची, तितकी चिमणी जास्त ओढते. ते शक्य नसेल तर खिडकीच्या वरच्या तावदानात साधा एक्झॉस्ट फॅन बसवणे हे नळीविना असलेल्या महागड्या चिमणीपेक्षा कितीतरी चांगले आहे. पंखा फोडणी देण्यापूर्वी सुरू करावा आणि स्वयंपाक आटोपल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावा. आपल्याकडे ठसका लागल्यावर पंख्याची आठवण होते, तोवर निम्मा धूर पडद्यांत जाऊन बसलेला असतो.

बर्नरची भोके महिन्यातून एकदा दाभणाने साफ करावीत. तेलाला धूर सुटण्याची वाट न पाहता मोहरी टाकावी; चार दाणे टाकून पाहिले की तेल तापल्याचे कळते.

प्रश्न : वडिलांना दमा आहे आणि आईची पूजा तासभर चालते. उदबत्ती, धूप आणि कापूर यांचा वडिलांना त्रास होतो, पण तसे म्हटले की आईला वाईट वाटते. रात्री डासांसाठी कॉइल लावतो, तिचा मात्र फारसा धूर दिसत नाही. (सांगली)

उत्तर : तुम्ही ज्या कॉइलला निर्दोष ठरवले आहे, तिच्यापासून सुरुवात करावी लागेल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना बाहेर पडणारे बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. पूजा तासाभरात संपते. कॉइल मात्र बंद खोलीत झोपलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर धुमसते. दमेकऱ्याच्या घरात ती आजपासून बंद करावी आणि मच्छरदाणी लावावी. खिडक्यांना जाळी बसवली की दुपारी त्या निर्धास्तपणे उघडताही येतात. विजेवर चालणाऱ्या द्रवाच्या यंत्रात धूर नसतो, तरी कीटकनाशक असतेच. ते लावायचेच तर झोपण्यापूर्वी तासभर लावून बंद करावे.

पूजेविषयी आईशी बोलताना ‘बंद कर’ असे म्हणू नये, एवढे मी अनुभवाने सांगतो. उदबत्त्यांचा जुडगा लावण्याऐवजी एकच काडी ओवाळून ती गॅलरीतील तुळशीत खोचता येते. कापूर आरतीपुरता, एक वडी. धूप सणावारी, आणि तोही खिडकी उघडी असताना. तुपाच्या निरांजनाची वात बारीक ठेवली तर काजळी जवळजवळ धरत नाही. देव्हाऱ्यावरच्या भिंतीला काळा डाग पडत असेल तर वात जाड आहे असे समजावे. सुगंधासाठी निशिगंध आहे, सोनचाफा आहे, सहाणेवर उगाळलेले चंदन आहे आणि षोडशोपचारांत गंध आणि पुष्प धुपाच्या आधीच येतात, हे आईला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. पूजेच्या वेळी वडिलांनी दुसऱ्या खोलीत किंवा कोवळ्या उन्हात बसावे. त्यांचा नेहमीचा इनहेलर ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर बंद करू नये. हिवाळा हा तर तसे करण्याचा मुळीच काळ नव्हे.

प्रश्न : चेंबूरमध्ये आमच्या शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू आहे. एअर प्युरिफायर घ्यावा असे ठरते आहे. १० हजारांपासून ५० हजारांपर्यंत यंत्रे आहेत. कशावरून निवडावे?

उत्तर : खोक्यावरील इतर सर्व मजकूर बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे ‘सीएडीआर’ नावाचा आकडा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते ते. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली सुमारे ३४ घनमीटरांची असते. तिच्यातील हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले तर १७० चा आकडा लागतो. पण कंपन्या हा आकडा पंखा पूर्ण वेगात असतानाचा देतात आणि त्या वेगाच्या आवाजात कोणी झोपू शकत नाही. म्हणून प्रत्यक्षात २५० किंवा अधिक असलेले यंत्र घ्यावे आणि मधल्या वेगावर चालवावे. दुसरी गोष्ट गाळणीची. ती खरोखरीची हेपा असावी, तिच्यातून ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात. ‘हेपासारखी’ या शब्दाला काही अर्थ नाही. शिवाय बदली गाळणीची किंमत आधी विचारावी, कारण आपल्या हवेत ती वर्षभरात, बांधकामाशेजारी त्याहूनही लवकर भरते. आयन किंवा ओझोन सोडणारी सोय असेल तर ती बंद ठेवावी; ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रास देतो.

यंत्र दिवाणखान्यात पाहुण्यांना दिसेल असे न ठेवता शयनगृहात ठेवावे, कारण दिवसाचे सात-आठ तास आपण तेथेच श्वास घेतो. ते चालू असताना खिडकी लावलेली असावी आणि दुपारी हवा खेळवताना ते बंद करावे. हेपा गाळणी धूळ अडवते, वायू अडवत नाही. त्यामुळे गॅसचा, रंगाचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा धोका यंत्राने टळत नाही.

आणि यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी सोसायटीच्या वतीने विभाग कार्यालयात एक लेखी तक्रार जाऊ द्यावी. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या नियमांनुसार बांधकामाभोवती पत्र्याचे उंच कुंपण, इमारतीला चहूबाजूंनी कापड किंवा ताडपत्री आणि धुळीवर पाण्याचे फवारे असणे बंधनकारक आहे. यांतील काय केलेले नाही, ते छायाचित्रांसह लिहावे. शेजारच्या धुळीचा खर्च दरवेळी आपल्याच विजेच्या बिलात का पडावा?

प्रश्न : घरात मनी प्लांट आणि स्नेक प्लांट ठेवले तर प्युरिफायर लागत नाही, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. पण ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये संशोधकांनी अशा साऱ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा खिडकीतून सहज होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील असे दिसले. झाडे डोळ्यांसाठी जरूर लावावीत.

प्रश्न : थंडी पडली की पेटीतून गोधड्या आणि रजया काढतो आणि त्याच रात्रीपासून दोन्ही मुलांना शिंका सुरू होतात. (सातारा)

उत्तर : वर्षभर घडी घातलेल्या गोधडीत धूळ असते आणि धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांच्या विष्ठेची पूड नाकात गेली की शिंका येतात. हे किडे दमट हवेत वाढतात आणि आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली तर सुकून मरतात. म्हणून आपल्या आज्या कोजागिरीच्या सुमारास अंथरुणांना ऊन दाखवीत, ते अगदी योग्य होते. गोधडी दोन-तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवावी, गच्चीवरच झोडपावी आणि शक्य असल्यास ६० अंशांच्या पाण्यात धुवावी. नुसत्या उन्हाने किडे मरतात, पण त्रास देणारी पूड धुतल्याशिवाय जात नाही. झोडपण्याचे काम मुलांना देऊ नये. रजईला सुती खोळ घालावी आणि ती आठवड्याला धुवावी.

कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर वास पूर्ण जाईपर्यंत पांघरुणे वापरू नयेत. तान्ह्या बाळाच्या दुपट्यात तर त्या कधीच ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पेटीसाठी पुरतो. जाता जाता एवढेच, की मुले घरात असताना कोरड्या केरसुणीने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसल्यास धूळ हवेत न उडता फडक्यातच राहते.

प्रश्न : आम्ही पुण्याहून न्यू जर्सीला आलो आहोत. हीटिंगमुळे ओठ फुटतात, नाकातून रक्त येते, म्हणून ह्युमिडिफायर आणला. तर आता सामानावर पांढरी पूड साचते आणि खिडकीच्या काचा गळतात. शिवाय फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवली आहे.

उत्तर : पांढरी पूड नळाच्या पाण्यातील क्षारांची आहे. कंपनाने तुषार उडवणारी यंत्रे पाण्याबरोबर क्षारही हवेत उडवतात, म्हणून त्यांत ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालावे आणि टाकी रोज रिकामी करून पुसून ठेवावी. काचा गळू लागणे ही आर्द्रता जास्त झाल्याची खूण आहे. कडाक्याच्या थंडीत ३० ते ४० टक्के पुरे, त्याहून वर नेले तर चौकटीवर बुरशी धरेल. त्यासाठी साधा आर्द्रतामापक विकत घ्यावा.

भोंग्याची बॅटरी आज रात्री झोपण्यापूर्वी परत बसवावी. जे भोंगे आयनीकरणाच्या तत्त्वावर चालतात, ते फोडणीला लवकर भुलतात. घरमालकाला सांगून त्याऐवजी प्रकाशाच्या साह्याने धूर ओळखणारा भोंगा बसवून घ्यावा आणि तो शेगडीपासून निदान दहा फूट दूर असावा. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा वेगळा असतो, तो शयनगृहाबाहेर आहे ना हेही त्याच वेळी पाहावे. तोवर फोडणी देण्याआधी शेगडीवरचा पंखा लावावा आणि समोरची खिडकी बोटभर उघडावी. थंडी येईल, पण दोन मिनिटांचेच काम आहे.